जर्मन जादूकथा आणि मंतरलेली माणसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रिम बंधूंच्या संग्रहातील जादूच्या कथांविषयी वाचक, पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. दोन प्रश्नांचा विषय जेथे एकमेकांत मिसळतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेगळे नमूद केले नसल्यास कथांचा तपशील १८५७ च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे आहे.

१. ग्रिमच्या सगळ्याच कथा जादूच्या असतात का?

नाही. त्या संग्रहात जनावरांच्या गोष्टी आहेत, मूर्खांच्या आणि लबाडांच्या विनोदी कथा आहेत, देवधर्माच्या आख्यायिकाही आहेत. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची सुरुवात फिनलंडचे अभ्यासक आन्टी आर्ने यांनी १९१० मध्ये केली. पुढे स्टिथ थॉम्पसन आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी ते वाढवले. त्यात ३०० ते ७४९ हे क्रमांक जादूकथांसाठी राखलेले आहेत. हिमगौरी ७०९ व्या क्रमांकावर, बेडूकराजा ४४० व्या, तर पक्षी झालेल्या भावांच्या कथा ४५१ व्या क्रमांकावर येतात. ‘ब्रेमेनचे वादक’ मात्र प्राणिकथांत मोडते, कारण तेथे गाढव बोलत असले तरी जादू कोणीच करत नाही. जादूकथेची खरी खूण अशी की त्यातील माणसांना जादूचे आश्चर्य वाटत नाही. कोल्हा सल्ला देतो आणि राजपुत्र तो ऐकतो किंवा ऐकत नाही. कोल्हा बोलतोच कसा, असे तो विचारत नाही.

२. या कथा ग्रिम बंधूंनी रचल्या की नुसत्या गोळा केल्या?

दोन्ही उत्तरे अर्धवट ठरतात. याकोब (१७८५–१८६३) आणि विल्हेल्म (१७८६–१८५९) यांचा जन्म हेसन प्रांतातील हानाऊ येथे झाला, मारबुर्ग येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि पुढे भाषाशास्त्र हेच त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. कथानके त्यांची नाहीत. ती त्यांना सांगितली गेली किंवा जुन्या पुस्तकांत सापडली. परंतु आज आपण वाचतो ती वाक्ये बहुतांशी विल्हेल्मची आहेत. संवाद वाढवणे, म्हणी पेरणे, पद्याच्या ओळी घोळवणे हे काम तो १८१९ पासून प्रत्येक आवृत्तीत करत राहिला.

याचा पुरावा योगायोगाने शिल्लक राहिला. १८१० मध्ये बंधूंनी आपली टिपणे कवी क्लेमेन्स ब्रेंटानो याच्याकडे पाठवली होती. ती प्रत पुढे अल्सास प्रांतातील ओलेनबेर्ग मठात सापडली आणि १९२७ मध्ये छापली गेली. तेथील ‘बेडूकराजा’ म्हणजे कथेचा नुसता सांगाडा आहे. माझ्या मते यामुळे विल्हेल्मचे मोल कमी होत नाही, मात्र ‘लोकांच्या तोंडची जशीच्या तशी कथा’ हा दावा टिकत नाही.

३. ते खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या शेतकरणींकडून कथा लिहून घेत, हे खरे आहे का?

हे चित्र मोहक आहे, पण वस्तुस्थिती बहुतेक वेळा उलट होती: सांगणारी माणसेच त्यांच्याकडे येत किंवा कथा लिहून पाठवत. कासेल येथील औषधविक्रेते विल्ड यांच्या मुलींनी अनेक कथा दिल्या, आणि त्यांपैकी डोर्टशेन हिच्याशी विल्हेल्मने १८२५ मध्ये लग्नही केले. हासेनफ्लुग या सुखवस्तू घराण्यातील बहिणी, वेस्टफालियातील हाक्सथाउझेन हे सरदार कुटुंब, अशी सुशिक्षित मंडळीच यादीत जास्त आहेत. चित्रकार फिलिप ओटो रुंगे याने ‘कोळी आणि त्याची बायको’ ही कथा उत्तर जर्मनीच्या बोलीत लिहून दिली. योहान फ्रीडरिश क्राउझे या निवृत्त घोडेस्वार सैनिकाने कथांच्या बदल्यात जुन्या विजारी घेतल्या.

सर्वांत प्रसिद्ध कथेकरीण म्हणजे डोरोथेआ फीमान (१७५५–१८१५). ग्रिम बंधूंनी तिला शेतकरीण म्हणून पुढे केले. प्रत्यक्षात ती खानावळवाल्याची मुलगी आणि शिंप्याची बायको होती आणि तिचे पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, होते. सांगितलेली कथा ती पुन्हा सावकाश, शब्दही न बदलता सांगू शके, याचे विल्हेल्मला विशेष कौतुक होते.

४. संग्रहात एकूण किती कथा आहेत आणि कोणती आवृत्ती वाचावी?

पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड १८१२ मध्ये ८६ कथांसह आणि दुसरा १८१५ मध्ये ७० कथांसह निघाला. १८५७ च्या सातव्या आवृत्तीत २०० क्रमांकांच्या कथा आणि शिवाय १० बालआख्यायिका आहेत. १५१ या क्रमांकाखाली दोन कथा असल्यामुळे कोणी एकूण संख्या २१० देतो तर कोणी २११. यांखेरीज १८२५ मध्ये ५० निवडक कथांची ‘छोटी आवृत्ती’ निघाली, तिला धाकटा भाऊ लुडविग एमिल याची चित्रे होती आणि घराघरांत पोहोचली ती हीच. ग्रिम बंधूंच्या हस्तलिखित नोंदी असलेल्या त्यांच्या वापरातील प्रतींना २००५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत स्थान मिळाले.

वाचनासाठी १८५७ ची आवृत्ती घ्यावी. एखाद्या कथेत काय बदलले असे कुतूहल असेल तरच १८१२ ची शेजारी ठेवावी.

५. यांना परीकथा म्हणतात, मग पऱ्या कुठे आहेत?

जवळजवळ नाहीतच. १८१२ मध्ये ‘रपुंझेल’ आणि ‘झोपी गेलेली राजकन्या’ या कथांत परी होती. फ्रेंच छाप पुसण्यासाठी विल्हेल्मने तिच्या जागी चेटकीण किंवा ‘शहाण्या बाया’ आणल्या. जर्मन कथेत मदतीला येतात ती झाडे, कबुतरे, मुंग्या, मेलेली आई किंवा रस्त्यात भेटलेली म्हातारी.

६. जादू नेमकी कोण करते? प्रत्येक शापामागे चेटकीण असते का?

चेटकिणी भरपूर आहेत. ‘योरिंडे आणि योरिंगेल’ मधील म्हातारी दिवसा मांजर किंवा घुबड होऊन फिरते. तिच्या गढीच्या शंभर पावलांच्या आत आलेला माणूस जागीच थिजतो, आणि कुमारिका असेल तर तिचा पक्षी होतो. अशा पक्ष्यांच्या सात हजार टोपल्या तिच्या खोल्यांत टांगलेल्या आहेत. पण अधिक अस्वस्थ करणारी जादू घरच्या माणसाच्या तोंडून होते. ‘सात कावळे’ या कथेत नवजात मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी पाणी आणायला सात भाऊ विहिरीवर जातात, घागर विहिरीत पडते, मुले भीतीने परतत नाहीत. चिडलेला बाप म्हणतो की मेल्यांचे कावळे होवोत. मान वर करून पाहतो तो काळेभोर सात कावळे उडून जाताना दिसतात. तो मांत्रिक नाही, त्याला तसे खरोखर व्हावे असेही वाटत नव्हते, तरीही शब्द लागू पडतो.

वस्तूंची जादूही शब्दांवरच चालते. ‘गोड पेज’ ही अगदी छोटी कथा पाहावी. ‘भांड्या, शिजव’ म्हटले की ते बाजरीची पेज शिजवते आणि ‘भांड्या, थांब’ म्हटले की थांबते. मुलगी बाहेर गेलेली असताना आई पहिले वाक्य म्हणते; दुसरे तिला ठाऊक नाही. पेज स्वयंपाकघर, घर, शेजारचे घर आणि रस्ता भरत जाते, एकच घर उरते तेव्हा मुलगी परतते आणि ते थांबवते. त्यानंतर गावात शिरणाऱ्याला वाट खात खात यावे लागते. थांबवण्याचा शब्द माहीत नसताना सुरू करण्याचा शब्द उच्चारू नये, एवढा एकच नियम, आणि सगळी कथा त्यावर उभी आहे.

७. मंतरलेल्या माणसाची सुटका चुंबनाने होते ना?

हा समज मुख्यतः नंतरच्या रूपांतरांतून आणि चित्रपटांतून आला आहे. ग्रिमच्या ‘बेडूकराजा’ मध्ये चुंबन नाही. राजकन्येने सोन्याचा चेंडू परत मिळवण्यासाठी बेडकाला वचन दिलेले असते. बाप म्हणतो की दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. पण बेडूक बिछान्यात घ्यायला सांगू लागतो तेव्हा ती संतापून त्याला भिंतीवर आपटते आणि खाली पडतो तो राजपुत्र. १८२३ च्या एडगर टेलर यांच्या इंग्रजी भाषांतरात हे आपटणे गाळून बेडूक तीन रात्री उशीवर झोपतो असे केले गेले; चुंबन त्याहूनही नंतरचे आहे. हिमगौरीच्या बाबतीतही तसेच: राजपुत्राचे सेवक काचेची शवपेटी नेत असताना झुडपाला अडखळतात, धक्क्याने विषारी सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो आणि ती डोळे उघडते.

चुंबन येते ते ‘झोपी गेलेली राजकन्या’ मध्ये, पण तेथेही कथा स्पष्ट सांगते की शंभर वर्षे नेमकी त्याच दिवशी पूर्ण झाली होती. आधी आलेले राजपुत्र काटेरी कुंपणात अडकून मेले; हा योग्य दिवशी आला म्हणून काट्यांची फुले झाली. शूर कोण यापेक्षा मुदत कधी संपते हे येथे महत्त्वाचे आहे.

मग सुटका होते कशी? त्यासाठी एकच किल्ली नाही. ‘सोनेरी पक्षी’ मधील कोल्हा स्वतःच विनवतो की मला ठार कर आणि माझे डोके व पंजे तोड. तसे केल्यावर माणूस उभा राहतो. ‘हान्स माझा साळू’ मध्ये उतरवून ठेवलेले साळूचे कातडे आगीत टाकावे लागते. ‘भाऊ आणि बहीण’ मध्ये पाडस झालेला भाऊ चेटकीण जळून राख होते तेव्हाच माणूस होतो. ‘रुम्पेलश्टिल्ट्सशेन’ मध्ये नाव ओळखताच बुटक्याचा राणीच्या मुलावरचा हक्क संपतो. योरिंगेलला स्वप्नात दिसलेले रक्तवर्णी फूल नऊ दिवस शोधावे लागते आणि मोत्याएवढा दवबिंदू असलेले ते फूल लावताच गढीची दारे उघडतात.

आपल्याकडे शापाबरोबर उःशाप असतो, आणि तो बहुधा शाप देणाराच गयावया केल्यावर देतो. जर्मन कथेत चेटकीण अशी दया दाखवत नाही. अट सांगतो तो बहुतेक वेळा मंतरलेला जीव स्वतः, आणि ती पुरी करण्याचा भार दुसऱ्यावर पडतो. याचे सर्वांत कठोर उदाहरण पुढील प्रश्नात आहे.

८. ‘सहा हंस’ मधील बहीण स्वतःच्या बचावासाठीही का बोलत नाही? आणि एका भावाला शेवटी पंख का राहतो?

सावत्र आई पांढऱ्या रेशमाचे सदरे शिवून त्यांत मंत्र भरते आणि मुलांच्या अंगावर टाकते. सहा मुले हंस होऊन उडून जातात. रोज संध्याकाळी पाव तासच त्यांची पिसे गळतात. तेवढ्या वेळात ते बहिणीला अट सांगतात: सहा वर्षे बोलायचे नाही, हसायचे नाही आणि चांदणफुलांचे सहा सदरे शिवायचे, तोंडून एक शब्द निघाला तर सारे व्यर्थ. म्हणजे सदऱ्याने झालेली जादू सदऱ्यानेच उतरते, पण पहिले शिवायला द्वेष पुरला आणि दुसऱ्यांना सहा वर्षांचे मौन लागते.

पुढे एक राजा तिच्याशी लग्न करतो. त्याची आई एकामागून एक बाळे पळवते, सुनेच्या तोंडाला रक्त फासते आणि ती मुले खाते असा आळ घेते. राणी गप्प राहते आणि शिवत राहते. तिसऱ्या बाळानंतर तिला जाळण्याची शिक्षा होते आणि तो दिवस सहा वर्षांचा शेवटचा दिवस निघतो. चितेवर उभी असताना तिच्या हातावर सदरे आहेत, फक्त शेवटच्याची डावी बाही शिवायची राहिली आहे. हंस येतात, ती सदरे त्यांच्या अंगावर टाकते, भाऊ माणसे होतात आणि धाकट्याला डाव्या हाताच्या जागी हंसाचा पंख राहतो.

अट जितकी पुरी झाली तितकीच जादू उतरते, असा तो हिशेब आहे. विशेष म्हणजे तो पंख पुढे कोणी काढत नाही. सासूला शिक्षा होते, बाळे सापडतात, सगळे सुखाने राहतात, पण पंखाविषयी कथा पुन्हा अक्षर काढत नाही. माझ्या मते संपूर्ण संग्रहातील हा सर्वांत धाडसी तपशील आहे. मुलांसाठी कथा छापताना अनेकदा तोच गाळला जातो आणि त्यामुळे कथेची धारच जाते.

९. तीन, सात, बारा हे आकडे पुन्हा पुन्हा का येतात?

तोंडी सांगताना आकडा आधार देतो. तीन वेळा घडणाऱ्या प्रसंगात ऐकणाऱ्याला दुसऱ्या वेळी ओळख पटते आणि तिसऱ्या वेळी बदल अपेक्षित असतो. हिमगौरीवर नाडी, कंगवा आणि सफरचंद असे तीन हल्ले होतात. पहिले दोन बुटके निभावून नेतात, तिसरा त्यांना उमगतच नाही. आकडा मोडला की संकट येते: ‘झोपी गेलेली राजकन्या’ मध्ये राजाकडे सोन्याच्या ताटल्या बारा आणि शहाण्या बाया तेरा, म्हणून तेराव्या बाईला आमंत्रण जात नाही आणि शाप मिळतो.

१०. मूळ कथा फार क्रूर होत्या आणि नंतर त्या सौम्य केल्या, हे बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. विल्हेल्मने प्रामुख्याने शरीरसंबंधांचे उल्लेख काढले. १८१२ च्या ‘रपुंझेल’ मध्ये ती भाबडेपणाने विचारते की माझे कपडे घट्ट का होऊ लागले. पुढे हा प्रश्न नाहीसा झाला. मुलांनी खाटकाचा खेळ खेळताना खरोखर जीव घेतल्याची एक कथा १८१९ मध्ये वगळली गेली. शिक्षा मात्र राहिल्या, काही ठिकाणी वाढल्याही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात, हा प्रसंग पहिल्या आवृत्तीत नव्हता, तो १८१९ मध्ये आला. हिमगौरीच्या सावत्र आईला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, ते शेवटपर्यंत तसेच आहे.

११. सावत्र आई इतकी वाईट का दाखवली आहे?

काही कथांत ती मुळात सख्खी आई होती. हिमगौरीची आई १८१९ मध्ये सावत्र झाली, तर ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ मधील आई १८४० च्या चौथ्या आवृत्तीत. सख्ख्या आईची प्रतिमा डागाळू नये हा हेतू उघड दिसतो. बाळंतपणात स्त्रिया मरत आणि पुरुष पुन्हा लग्न करत, त्यामुळे हा बदल वाचकांना खटकलाही नसावा. ‘सहा हंस’ मध्ये दुष्टपणा सावत्र आई आणि सासू यांच्यात वाटला गेला आहे (प्रश्न ८).

१२. सिंड्रेला आणि झोपी गेलेली राजकन्या फ्रेंच आहेत की जर्मन?

दोन्हीकडच्या आहेत. शार्ल पेरो यांचा फ्रेंच संग्रह १६९७ मधला, म्हणजे शंभरहून अधिक वर्षे आधीचा. झोपी गेलेल्या राजकन्येची कथा ग्रिम बंधूंना मारी हासेनफ्लुगकडून मिळाली आणि त्या घराण्यात ह्युगेनो परंपरा होती (प्रश्न ३). फार फ्रेंच वाटलेल्या ‘बूट घातलेला बोका’ आणि ‘निळ्या दाढीवाला’ या कथा त्यांनी १८१९ मध्ये काढून टाकल्या. जर्मन सिंड्रेला मात्र खरोखर वेगळी आहे. तिच्याकडे भोपळ्याची बग्गी नाही, परीही नाही. आईच्या थडग्यावर लावलेली आणि अश्रूंनी वाढलेली हेझलची फांदी आहे, तिच्यावर बसणारा पांढरा पक्षी आहे आणि काचेऐवजी सोन्याचा जोडा आहे.

१३. हॅमेलिनचा बासरीवाला, नटक्रॅकर आणि छोटी जलपरी याही ग्रिमच्याच कथा का?

बासरीवाला ग्रिम बंधूंच्याच ‘जर्मन दंतकथा’ या वेगळ्या संग्रहात (१८१६–१८१८) आहे. दंतकथा गाव आणि तारीख सांगते: हामेल्न, २६ जून १२८४, १३० मुले. जादूकथा तसे कधीच सांगत नाही. ‘नटक्रॅकर’ ही ई. टी. ए. हॉफमान यांनी स्वतः रचलेली १८१६ ची कथा आहे. विल्हेल्म हाउफ यांची ‘थिजलेले हृदय’ देखील अशीच लेखकाने रचलेली जादूकथा. जलपरी डेन्मार्कच्या अँडरसन यांची.

१४. कथांतील वाडे आणि अरण्ये खरोखर पाहता येतात का?

जादूकथेला पत्ता नसतो, त्यामुळे ‘हाच तो वाडा’ ही पाटी पर्यटनासाठी लावलेली असते. राइनहार्ट्सवाल्ड अरण्यातील झाबाबुर्ग हा झोपी गेलेल्या राजकन्येचा वाडा म्हणून दाखवला जातो, तो तसाच. हानाऊ ते ब्रेमेन हा सुमारे ६०० किलोमीटरचा ‘जर्मन कथामार्ग’ १९७५ पासून आहे. फ्राऊ होलेचा अपवाद करावा लागेल: तिने गादी झटकली की पृथ्वीवर बर्फ पडते अशी कथा आहे, आणि हेसनमधील होअर माइसनर डोंगरावरील तिच्या तळ्याची दंतकथा ग्रिम बंधूंनीच वेगळी नोंदवली आहे.

१५. या कथा भारतातून जर्मनीत गेल्या का? मराठी मुलखाशी काही संबंध आहे का?

ग्योटिंगेनचे संस्कृत पंडित थेओडोर बेनफाय यांनी १८५९ मध्ये पंचतंत्राचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध करताना असा मोठा सिद्धान्त मांडला होता. पंचतंत्र अरबी, हिब्रू आणि लॅटिन अशा वाटेने पंधराव्या शतकातच जर्मनमध्ये पोहोचले होते, हे खरे आहे. तरी सगळ्या जादूकथांचे माहेर भारत, हे मत अभ्यासकांनी पुढे सोडून दिले.

समांतर कथा मात्र आहेत. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या दख्खनच्या कथा १८६८ मध्ये छापल्या. त्यांतील सूर्याबाई दारात अडकलेले राक्षसाचे नख हाताला लागून मेल्यागत पडते आणि ते नख काढल्यावरच उठते. चातीचे टोक बोचून झोपलेल्या राजकन्येची आठवण येथे होतेच. परंतु कोणी कोणाकडून घेतली, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही.

१६. या संग्रहात ज्यूद्वेषी कथा आहे असे ऐकले. ती जादूकथा आहे का?

होय. संग्रहातील ११० व्या क्रमांकाच्या ‘काट्यांतील ज्यू’ या कथेत जादूच्या सारंगीने एका ज्यू माणसाला काटेरी झुडपात नाचवले जाते आणि शेवटी त्याला फाशी होते. कथा त्यावर हसते. ती लपवू नये आणि संदर्भ न देता मुलांना वाचूनही दाखवू नये. प्रौढांनी ती संपूर्ण वाचावी, कारण जादूची वस्तू ज्याच्या हाती असेल त्याचीच बाजू न्यायाची, असे हा संग्रह अनेकदा गृहीत धरतो आणि त्या गृहीतकाची किंमत येथे उघड दिसते.

१७. कोणत्या वयाच्या मुलांना कोणती कथा सांगावी?

चार-पाच वर्षांच्या मुलांना ‘गोड पेज’ आणि ‘फ्राऊ होले’ चालतात. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ सात वर्षांच्या आसपास सांगावी. चेटकिणीपेक्षा आईबाप सोडून जातात याचीच भीती मुलांना जास्त वाटते, हे लक्षात ठेवून सांगणाऱ्याने शेजारी बसावे. ‘जुनिपरचे झाड’ या कथेत सावत्र आई मुलाला मारून त्याचे मांस बापाला वाढते, म्हणून ती दहा-अकरा वर्षांपूर्वी नको. शेवट बदलण्यापेक्षा दुसरी कथा निवडणे केव्हाही चांगले.

१८. मला या कथांचे मराठी भाषांतर करून प्रसिद्ध करायचे आहे. परवानगी लागते का?

मूळ जर्मन कथांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. परंतु भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो आणि भारतात तो भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अलीकडच्या इंग्रजी भाषांतरावरून मराठी करायचे असेल तर परवानगी घ्यावी लागेल. चित्रपटांनी घातलेली भर, उदाहरणार्थ १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटातील सात बुटक्यांची नावे, ग्रिमची नाही, म्हणून ती वापरू नये. शक्य असल्यास १८५७ च्या जर्मन संहितेवरूनच भाषांतर करावे. पद्याच्या ओळी सर्वांत आधी कराव्यात, कारण त्या मराठीत नीट बसल्या नाहीत तर पुढे सगळी कथा त्यांच्याभोवती पुन्हा लिहावी लागते.